लॅपटॉप प्रक्रियेत आहे

७ सप्टेंबर, रविवार

रोशनीची पुण्याच्या कंपनीत निवड झाली. घरी बसून तीन महिने ट्रेनिंग, जमलं तर पक्की नोकरी. ३ नोव्हेंबरला सुरू. अट एकच. लॅपटॉप स्वतःचा पाहिजे, सोळा जीबी रॅमचा.

बजेट पंचेचाळीस हजार. त्याच्या वर एक पैसा नाही, कारण तो नाहीच.

माया म्हणाली, पैसे पोरीच्या हातात द्या, ती आन् तिची मैत्रीण प्रीती जाऊन घेऊन येतीन. मी म्हटलं, खरेदी माझ्यावर सोडा. सत्तावीस वर्षं परचेस सेक्शनमध्ये काढली आहेत. टाचणीपासून जनरेटरपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून गेलं. एकाही फाइलवर ऑडिटचा आक्षेप नाही. बायकोला याची किंमत नाही. ती म्हणाली, कूलर आठवते काय.

कूलरचं ती दर वेळी काढते. कूलरची प्रक्रिया मी मार्चमध्ये सुरू केली आणि कूलर ऑक्टोबरात घेतला. ऑफ सीझनमध्ये अकराशे रुपये वाचले. मधला उन्हाळा कडक गेला, मान्य. पण उन्हाळा दरवर्षी येतो, अकराशे रुपये येत नाहीत.

८ सप्टेंबर

खरेदी समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. तांत्रिक सदस्य भैयाजी, म्हणजे मायाचा भाऊ. खापरखेड्याला कॉलनीत राहतो. त्याच्या घरी दोन कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक चालतो. रोशनी म्हणजे वापरकर्ता विभाग. तिला मत नाही. वापरणाऱ्याला मत दिलं तर तो महागडंच मागतो, हा अनुभव आहे.

रोशनीनं विचारलं, बाबा, हे तुम्ही गंमत करून राहिले ना? प्रश्न नोंदवून घेतला.

१३ सप्टेंबर, शनिवार

बर्डीच्या बाजारात गेलो. मी, रोशनी आणि प्रीती. प्रीतीचीही त्याच ट्रेनिंगला निवड झाली आहे.

पहिलंच दुकान ओमप्रकाशचं. लॅपटॉप दाखवला. सोळा जीबी, चव्वेचाळीस हजार. रोशनीनं उघडला, दोन ओळी टाइप केल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाली, हाच घेऊ. मी डोळे वटारले. पुरवठादारासमोर पसंती दाखवायची नसते, हे हिला कोण शिकवणार.

तेवढ्यात ओमप्रकाशनं चहा मागवला. मी सावध झालो. सत्तावीस वर्षांत पुरवठादाराचा चहा प्यालो नाही. नको म्हटलं. तो म्हणाला, लो ना भाऊ, चाय में क्या है.

चहात काय आहे! चहातच सगळं आहे. मुकुंद चहा घेतो. माझ्यानंतर चार वर्षांनी लागला, मीच त्याला नोटिंग शिकवलं. तो चहा घेतो, फटाफट सह्या करतो, आणि आज माझा साहेब आहे. मी त्याच्यासमोर उभा राहून 'सादर' म्हणतो.

ओमप्रकाश अपात्र.

रोशनी आणि प्रीतीनं मात्र चहा घेतला. रोशनीला घरी आल्यावर समज दिली. प्रीतीनं तोच लॅपटॉप तिथेच विकत घेतला. चहा संपायच्या आत. घाईची खरेदी. पस्तावेल.

२१ सप्टेंबर, रविवार

नियम साधा आहे. तीन कोटेशन, एकच वस्तू, सगळ्यात कमी भाव. पण बर्डीवर कोणत्याही दोन दुकानांत एकच मॉडेल नाही. मग तुलना कशाची करायची? दुसऱ्या दुकानदाराला म्हटलं, ओमप्रकाशकडे जे मॉडेल आहे त्याचाच भाव तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. तो म्हणाला, मंग ओमप्रकाशकडूनच घ्या न भाऊ. तिसरा म्हणाला, लेटरहेड कायले पाह्यजे, स्टिकरचा फोटो काढून घ्या.

स्टिकर म्हणजे कोटेशन नव्हे. या देशाचं असं का झालं, ते बर्डीवर एक चक्कर मारली की कळतं.

घरी येऊन तुलनात्मक तक्ता आखून ठेवला. तक्ता सुंदर झाला आहे. रकाने भरायचे बाकी आहेत.

२ ऑक्टोबर, दसरा

दीक्षाभूमीवर गेलो. मुंगी शिरायला जागा नाही. नेहमीप्रमाणे प्रत्येकानं एक पुस्तक घेतलं. दरवर्षीचा नियम आहे, माझ्या बाबांनी घालून दिलेला.

बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धोंडबांनी, मला इथेच इंग्रजीची डिक्शनरी घेऊन दिली होती. मी आठवीत होतो. बाबा मिलमध्ये होते, त्यांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. विकणाऱ्यानं भाव सांगितला, बाबांनी बंडीच्या खिशातून पैसे काढून दिले. घासाघीस नाही, दुसरीकडे विचारणं नाही. वर त्यालाच नमस्कार केला.

फसवले गेले असणार. त्या काळी कोटेशनची पद्धत आपल्या लोकांना माहीत नव्हती.

डिक्शनरी अजून आहे. पुठ्ठा गेला.

येताना रोशनीनं विचारलं, बाबा, आज घेऊन टाकू काय? दसरा आहे. मी म्हटलं, आपण मुहूर्त मानत नाही, आपण सेल मानतो. स्वतःच हसलो. ती हसली नाही. आजकालच्या पोरांना विनोद कळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळ ११

जिंकलो. ऑनलाइन सेलमध्ये सोळा जीबीचा लॅपटॉप ओमप्रकाशपेक्षा दोन हजारांनी स्वस्त. लगेच कार्टमध्ये टाकला. म्हणजे भाव बांधला गेला. कोटेशनची मुदत तीस दिवस असते, तोवर भैयाजीचा तांत्रिक अभिप्राय येईल.

रोशनी म्हणाली, बाबा, ते कार्ट म्हणजे पिशवी आहे. पैसे देले नाही तर वस्तू दुकानातच राह्यते. मी म्हटलं, बेटा, तुझ्या जन्माच्या आधीपासून खरेदी करतो आहे. ती म्हणाली, पाह्यजे तर मी आत्ताच पैसे भरते, तुमी फक्त ओटीपी सांगा. ओटीपी कोणालाही सांगू नये असं बँकेनंच कळवलं आहे. मेसेज दाखवला. 

१२ ऑक्टोबर

कार्टमधल्या लॅपटॉपचा भाव आठ हजारांनी वाढला. सेल संपला म्हणे.

कंपनीला ईमेल लिहिला. दर वैधतेचं तत्त्व समजावून सांगितलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. एवढ्या मोठ्या कंपनीनं दोन मिनिटांत दखल घेतली! मुकुंद माझ्या नोटला दोन महिने हात लावत नाही. ईमेलची प्रिंट काढून ठेवली.

भैयाजीचा अभिप्राय आला. व्हॉट्सॲपवर एक अंगठा.

२१ ऑक्टोबर

सगळं गाव लॅपटॉप घेत सुटलं आहे. दिवाळीत लॅपटॉप घेणं म्हणजे मे महिन्यात कूलर घेणं. शहाणा माणूस थांबतो. दिवाळी झाली की भाव पडणार, लिहून ठेवतो.

मायानं आज जेवायला वाढताना एक शब्द काढला नाही. बरं वाटलं. शांतता होती.

१ नोव्हेंबर, शनिवार

भाव पडले नाहीत. चढले. दुसऱ्या दुकानदारानं सांगितलं, रॅमची जगभर टंचाई आहे, भाव रोज चढून राहिले, आज घेऊन टाका. ही दुकानदारांनी उठवलेली अफवा आहे. घाबरवून माल खपवायची ही जुनी रीत माझ्या टेबलावर मी शंभर वेळा पाहिली आहे. न घेता परत आलो. मन खंबीर ठेवावं लागतं.

रोशनी दारातच उभी होती. माझ्या हातात फक्त संत्र्यांची पिशवी पाहिली आणि आत गेली. संत्री गोड निघाली, पण तिनं खाल्ली नाहीत.

३ नोव्हेंबर, सोमवार

ट्रेनिंग सुरू. रोशनीनं तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून केलं. पहिला दिवस, ओळखीपाळखीच होणार. मोबाइलवर अडचण काय? ऑफिसला जाताना तिला हेच सांगितलं. तिनं कानात हेडफोन घातले होते, ऐकलं नसावं.

९ नोव्हेंबर, रविवार

रोशनी आता रोज संध्याकाळी प्रीतीकडे जाते. प्रीतीचं आटोपलं की तिच्या लॅपटॉपवर सराव करते. छान सोय झाली आहे. मी मायाला म्हटलं, बघ, वस्तू न घेताच काम चाललं आहे, यालाच नियोजन म्हणतात. माया म्हणाली, दुसऱ्याच्या पोरीच्या घरी आपली पोर खुर्ची रिकामी व्हायची वाट पाहत बसते, तुमाले काहीच कसं वाटत नाही?

वाटतं. पण वाटून लॅपटॉपची खरेदी होत नाही. पद्धत लागते.

१६ नोव्हेंबर, रविवार

भैयाजी खापरखेड्याहून स्वतः एक लॅपटॉप घेऊन आला. एका कंपनीत वापरलेला, सोळा जीबी, बजेटच्या निम्म्यात. त्याच्या शेजाऱ्याच्या ओळखीनं मिळाला. रोशनीनं चालू केला. पळत होता. तिचा चेहरा मी पुष्कळ दिवसांनी असा पाहिला.

मी बिल मागितलं. भैयाजी म्हणाला, बिल कायचं भाऊजी, ओळखीतला माणूस आहे. मी म्हटलं, बिल नाही तर वॉरंटी नाही, वॉरंटी नाही तर जबाबदारी कोणाची? तो म्हणाला, माझी. मी म्हटलं, तसं लिहून द्या.

भैयाजी उठला. लॅपटॉप पिशवीत टाकला, चपला घातल्या. मायानं त्याच्यासाठी सावजी रस्सा केला होता. थांब नं गा, जेवून तरी जाय, म्हणाली. तो म्हणाला, ताई, तुह्या घरी जेवायलेही तीन कोटेशन लागतीन.

तांत्रिक सदस्यानं राजीनामा दिला, असं समजतो. तांत्रिक सदस्याशिवाय समितीला खरेदी करता येत नाही. माझे हात बांधले गेले आहेत.

रोशनी रात्री जेवली नाही. रस्सा तिखट झाला होता, तेही कारण असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रोशनीची परीक्षा. प्रीतीचीही त्याच वेळी. साहजिकच प्रीतीचा लॅपटॉप प्रीतीला लागला.

मी रजा टाकली. सायबर कॅफे शोधून ठेवतो म्हणालो होतो. दोन सापडले. एकाचं आता झेरॉक्सचं दुकान झालं आहे, दुसऱ्यानं तासाचा भाव जास्त सांगितला. तिसरा कुठे मिळतो का बघत होतो, तेवढ्यात वेळ झाली. तिनं मोबाइलवरच दिली. अर्ध्यात अडकला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्याहून ईमेल आला. रोशनीला बॅचमधून काढलं. प्रीती राहिली.

ईमेल मी तीनदा वाचला. इंग्रजीत दोन चुका आहेत. अशा कंपनीत राहण्यात अर्थ नव्हता, असं रोशनीला सांगितलं. ती घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही.

माया मात्र बोलली. म्हणाली, तुमाले चूक करायची नाही ना, म्हणून तुमी काहीच करत नाही. आन् तुमच्या हातून चूक होऊ नये म्हणून पोरीचं गेलं. मी म्हटलं, माझ्यावर आजवर एकही चौकशी लागलेली नाही. ती म्हणाली, आज लागली. मग म्हणाली, पुढच्या पोळ्याले मारबतीच्या मिरवणुकीत लोक महागाईचा पुतळा करून बडग्या काढतात, भ्रष्टाचाराचा काढतात, मी तुमच्या तीन कोटेशनचा बडग्या काढतो की नाही पाहा. जाळतो त्याले चौकात.

रागात माणूस काहीही बोलतो. कोटेशन तर अजून एकही आलेलं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू. अर्धं नागपूर बंद, जिकडेतिकडे बॅरिकेड. बर्डीकडे जाणं अशक्य. प्रक्रिया तूर्त स्थगित. यात माझा दोष कोणीही दाखवून द्यावा.

रोशनीनं काटोलला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला धरलं आहे. मला विचारलं नाही, सांगितलं. सकाळच्या बसनं जाते, अंधार पडता परत येते. संत्र्याच्या बागा असलेल्यांची पोरं तिच्या हाताखाली शिकतात. पगार फार नाही. मी म्हटलं, बघ, क्लासमध्ये कॉम्प्युटर फुकट वापरायला मिळतो, एका अर्थी लॅपटॉपचा खर्च वाचला.

ती म्हणाली, हो बाबा. हल्ली ती प्रत्येक गोष्टीला हो बाबा म्हणते. समजूतदार होत चालली आहे.

२० डिसेंबर

सविस्तर नोट तयार केली. पार्श्वभूमी, प्रयत्न, बाजारस्थिती, अडचणी, प्रस्ताव. चार पानं. इतकी चांगली नोट मी ऑफिसातही लिहिली नसेल. निष्कर्ष असा की पंचेचाळीस हजारांत आता आठ जीबीच मिळतो, सबब बजेट वाढवावं किंवा अपेक्षा कमी कराव्या, निर्णय वरिष्ठांनी घ्यावा.

वरिष्ठ कोण, हा प्रश्न आला. मायाला सादर केली.

गच्चीवरचा कूलर डुगडुगत होता. तिनं नोटेची घडी करून त्याच्या पायाखाली घातली. कूलर आता हलत नाही.

१ जानेवारी, गुरुवार

संकल्प: या महिन्यात लॅपटॉप. कोणत्याही परिस्थितीत. मुकुंदसारखा निर्णय घ्यायचा. ठाम. एका सहीत.

४ जानेवारी

संक्रांतीनंतर काही ठिकाणी सेल असतो, असं ऐकलं.

११ जानेवारी, रविवार

सकाळी रोशनी म्हणाली, बाबा, बर्डीवर चला माझ्यासंगं. मला माहीत होतं ही वेळ येणार. शेवटी अनुभवाकडेच यावं लागतं. इस्त्रीचा शर्ट घातला, तक्ता घेतला, कॅल्क्युलेटर घेतलं, खिशाला दोन पेनं लावली.

ती सरळ ओमप्रकाशच्या दुकानात शिरली. मी म्हटलं, हा अपात्र आहे. तिनं ऐकलं नाही. ओमप्रकाशनं मला ओळखलं. आओ भाऊ, बहुत दिन बाद, म्हणाला.

लॅपटॉप आधीच काउंटरवर काढून ठेवला होता. सप्टेंबरात पाहिला होता तोच, सोळा जीबी. भाव आता चौदा हजारांनी जास्त. मी घासाघीस सुरू केली. ओमप्रकाश म्हणाला, भाऊ, बिटिया ने फोन करके सब तय कर लिया, जितना कम होना था हो गया. मग म्हणाला, फरवरी की बॅच के लिए चाहिए ना इसको, पुणे वाली.

फेब्रुवारीच्या बॅचसाठी तिनं परत अर्ज केला, परत परीक्षा दिली, परत निवडली गेली. हे मला ओमप्रकाशकडून कळलं.

मायाला विचारीन म्हटलं. मग लक्षात आलं, तिला माहीत असणार. भैयाजीलाही असेल.

थोडे पैसे रोख, बाकी हप्त्यांवर. पगाराचा कागद तिचा, आधार तिचं. ओटीपी तिच्याच मोबाइलवर आला, तिनंच टाकला. मी बाजूला उभा होतो. एक गोष्ट मात्र नोंदवतो. मॉडेल माझ्या तुलनात्मक तक्त्यात पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे तसं पाहिलं तर निवड माझीच.

ओमप्रकाशनं कागद पुढे केले. मी पेनाचं टोपण काढलं आणि सही कुठे करायची म्हणून विचारलं.

रोशनी म्हणाली, तुमची सही नाही लागत बाबा. हळूच म्हणाली, ओमप्रकाशला ऐकू जाऊ नये म्हणून. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिनं सही केली. तिच्याजवळ पेन नव्हतं, माझंच घेतलं.

मग चहा आला. ओमप्रकाशनं या वेळी मला विचारलंच नाही, सरळ ग्लास समोर ठेवला. हात रिकामेच होते. घेतला. साखर जास्त होती.